जामझरीचं प्रार्थनाघर

मुलुंड, ९ फेब्रुवारी १९८४

वसुताई,

सलाम. हा शब्द लिहिताना हात अडखळला. इथे कुणाला आपला ख्रिस्ती सलाम लिहायची वेळच येत नाही.

तुमच्या पाळकांचं, सहदेव ढोक्यांचं, पत्र आलं. माझा पत्ता त्यांना कुठून मिळाला ते त्यांनी लिहिलेलं नाही. तू दिलास असं मी धरून चालले आहे. दिला नसलास तर तसं कळवू नकोस.

ते म्हणतात, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात जामझरीच्या प्रार्थनाघराला पंचाहत्तर वर्षं होतील आणि मंडळीला एक छोटी पुस्तिका काढायची आहे. सगळं ठाऊक असलेली तू एकटीच उरलीस, पण तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, आणि ‘वसुधाबाई सांगायला बसल्या की मध्येच रागावून उठतात’, असं त्यांनी जपून लिहिलंय. वाचून मी एकटीच हसले. म्हणून भाऊराव मास्तरांची धाकटी मुलगी या नात्याने मला आठवेल ते मी लिहून पाठवावं, अशी विनंती.

भाऊराव मास्तरांची मुलगी. ताई, तेवीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

पण मी पाळकांना लिहिणार नाही, तुला लिहीन. तू कुणाकडून तरी वाचून घे आणि चुका काढ. चुका काढायला तुला पहिल्यापासून आवडतं.

तर मला ठाऊक आहे ते असं. १९१० साली सांडबेर्ग नावाचा स्वीडनचा मिशनरी छिंदवाड्याहून बैलगाडीने निघाला होता. गाडीत एवढी मोठी संदूक होती की लोकांनी त्याचं नावच संदूकसाहेब ठेवलं. आपल्या गावाशी गाडीचं चाक मोडलं आणि त्याला तापही भरला. गुणाजीआजोबांनी, जातीचे पाथरवट ते, त्याला आपल्या पडवीत निजवलं. अकरा दिवस आजीने त्याला आंबील पाजली. त्या अकरा दिवसांत साहेबाने कुणाला उपदेश केला नाही, करायची शुद्धच नव्हती. तो तापात आपल्या भाषेत काहीतरी गात राहायचा. आजी म्हणायची, माणूस मरायला टेकला तरी गातोय, याला काहीतरी ठाऊक असणार.

बरा झाल्यावर साहेबाने विचारलं, तुम्हाला काय देऊ? आजोबांनी शाळा मागितली. नदीतला काळा दगड आजोबांनीच फोडला, आजीने आणि आणखी चार घरच्या बायकांनी डोक्यावरून वाहिला, आणि जी खोली उभी राहिली तिच्यात सहा दिवस शाळा आणि रविवारी उपासना सुरू झाली. आत पाच बाकं होती. म्हणजे आपली ल्यूथरन मंडळी उपदेशातून नाही, आजीच्या पडवीतून निघाली, असं मी समजत आले.

बरोबर का?

तुझी
सुगंधा


मुलुंड, २ मार्च १९८४

वसुताई,

तुझं कार्ड आलं. अक्षरं एवढी मोठी आणि तिरकी की एका ओळीत तीन शब्द मावलेत. तू स्वतः लिहिलंस. नमस्कार नाही, सलाम नाही, नुसत्या चुका:

‘चाक मोडलं नव्हतं, बैल बसला होता. बाकं एकही नव्हतं, १९३१ पर्यंत सगळे जमिनीवर. आंबील नाही, ताक. मोठं लिही.’

मी ते कार्ड दत्तारामना दाखवलं. ते म्हणाले, ‘तुझी बहीणच आहे, शंका नाही.’ म्हणून आता हे बघ, मोठं लिहितेय. एका पानात संपणारं पत्र तीन पानांचं होईल.

आज पुराचं लिहिते. १९४६चा श्रावण. मी आठ वर्षांची, तू सोळाची. आई जाऊन वर्षच झालं होतं. नदी दुपारीच गावात शिरली आणि उंचवट्यावर फक्त आपलं प्रार्थनाघर होतं. बाबांनी दोन्ही दारं उघडली. माणसं, शेळ्या, कणग्यांतलं होतं तेवढं धान्य, सगळं आत. कुणी कुणाची जात विचारायला जागाच उरली नव्हती.

सगळ्यात शेवटी गुरव आले. विठ्ठल-रखुमाईच्या दोन्ही पितळी मूर्ती त्यांनी धोतरात गुंडाळून छातीशी धरल्या होत्या. ते पायरीवरच थांबले. पाणी त्यांच्या पोटरीला लागत होतं. ते म्हणाले, ‘मास्तर, मी भिजलो तर चालते. देव भिजाले नको.’

बाबांनी एवढंच म्हटलं, ‘या.’ आणि नोंदवह्या ठेवायची मागची खोली त्यांना उघडून दिली.

नऊ दिवस मूर्ती तिथे होत्या. मला आठवतं ते असं, की सकाळी आत गुरव मंत्र म्हणत पूजा करायचे आणि बाहेर बाबा प्रार्थना घ्यायचे. एकमेकांना त्रास नको म्हणून बाबांनी आवाज खाली आणला, तसा गुरवांनीही आणला, मग बाबांनी आणखी, शेवटी दोघांचे नुसते ओठ हलत होते आणि तू खुदकन हसलीस. बाबांनी डोळे वटारले, पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं.

पाणी ओसरलं, लोक घरी गेले, आणि मूर्ती आत घेतल्या म्हणून आपल्याच मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी वर मिशनकडे तक्रार केली. बाबांना सहा महिने उपदेश करायला बंदी झाली. त्या सहा महिन्यांत ते रोज प्रार्थनाघर झाडायचे आणि रविवारी शेवटच्या बाकावर बसायचे. बदली उपदेशक वचन सांगताना अडकला की हळूच बाबांकडे बघायचा आणि बाबा बोटांनी अध्याय आणि ओवी दाखवायचे.

ताई, हे पुस्तिकेत घ्यायचं का? पाळक ढोक्यांना आवडेल असं वाटत नाही.

तुझी
सुगंधा


भांडुप, ३० मार्च १९८४

वसुताई,

हे दवाखान्यातून लिहितेय, म्हणून पत्ता भांडुपचा. कारखान्याचा दवाखाना. जेवणाच्या सुट्टीत इथे शांत असतं.

तुझं कार्ड मिळालं. ‘पुराचं तेच लिही. बाकीचं नसलं तरी चालेल. लोक आठ दिवस म्हणतात, नऊच, बरोबर.’ तू ‘बरोबर’ म्हणालीस. मी ते दोनदा वाचलं.

आज घंटेचं लिहिते. घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, कडुलिंबाला टांगलेला. खरी घंटा येणार, येणार, असं मी लहानपणभर ऐकलं, ती कधी आली का? आली असेल तर ती कोणी दिली तेही लिहायला हवं. आणि तू मुलांना शिकवायला लागलीस ते साल १९५० की ५१? तुझं नाव पुस्तिकेत यायला पाहिजे. तू लिहू देणार नाहीस, पण मी पाळकांना परस्पर कळवीन.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. दत्ताराम याच कारखान्यात फिटर आहेत. तुला कधी सांगितलं नव्हतं, डोळ्यात लोखंडाचा कण गेला म्हणून ते पहिल्यांदा माझ्यासमोर बसले होते. कण मी काढला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डोळ्यात कण गेला म्हणून आले. त्या डोळ्यात काही नव्हतं. नीला आता वीस वर्षांची होईल, कॉलेजात आहे. सासूबाई, आम्ही त्यांना आये म्हणतो, पंचाहत्तरीच्या आहेत, अजून पाटावर बसून मासळी साफ करतात. पवईला कुणाकडे जायचं झालं तर चालत जाऊ म्हणतात.

कार्डाच्या शेवटी तू विचारलंयस, ‘बाबा आजारी असल्याची तार केली होती. मिळाली होती का?’

त्याचं आज लिहीत नाही. सुट्टी संपली, बाहेर माणसं बसलीत.

सुगंधा


मुलुंड, १५ एप्रिल १९८४

वसुताई,

तार मिळाली होती.

तेवढं लिहून थांबले असते. दत्ताराम म्हणाले, लिही यार एकदाचं, किती वर्षं पोटात ठेवशील. म्हणून पहिल्यापासून लिहिते. हे इतिहासासाठी नाही.

लग्न ठरवलं तेव्हा दत्तारामनी आयेला सांगितलं होतं की मुलगी नागपूरकडची आहे, तिला आईबाप नाहीत. पोरक्या मुलीचा जात-धर्म कुणी फार खोदून विचारत नाही, हा त्यांचा हिशेब. मी विरोध केला असता. पण त्याच आठवड्यात, हिंदूशी लग्न करते म्हणून मंडळीच्या यादीतून माझं नाव काढल्याचा कागद पोस्टाने आला होता आणि त्याखाली सही बाबांची होती. तू ओळखतेस ती सही. ‘भाऊराव’मधल्या ‘व’ची शेपटी लांब. मी तो कागद बघितला आणि मनात म्हटलं, ठीक आहे, मग मला बाप नाहीच.

चार वर्षांनी, १९६५च्या नोव्हेंबरात, बाबा माझ्या दारात उभे राहिले. बरोबर पिशवीत संत्री होती. तेव्हा आम्ही एकाच खोलीत राहत होतो. आये आत तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, ‘कोण गे?’

बाबांनी एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच होती.

मी म्हटलं, ‘आमच्या गावचे मास्तर.’

ताई, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुसरी चप्पल काढली, नीट जोडून ठेवली, आत आले आणि आयेला म्हणाले, ‘हो. मी मास्तर. हिला मी बाराखडी शिकवली.’

वीस मिनिटं बसले. चहा घेतला. नीला दीड वर्षाची होती, ती आपणहून त्यांच्या मांडीवर जाऊन बसली, तर म्हणाले, ‘अक्षर लवकर शिकवा हिला.’ आयेला विचारलं, मुलगी नीट वागते ना? आये म्हणाली, सोन्यासारखी आहे. निघाले तेव्हा आयेने मला दटावलं, ‘गुरुजी असत, पायां पड.’ मी पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात उचलायला त्यांना वेळ लागला.

मी खाली सोडायला गेले नाही. गेले असते तर बाबा म्हणून हाक मारावी लागली असती.

दीड वर्षाने तुझी तार आली. मी ती वाचली आणि चुलीत घातली. गावचे मास्तर आजारी आहेत म्हणून तीन वर्षांचं मूल टाकून कोण एवढ्या लांब जातं? आयेला काय सांगणार होते? दिवसभर मी निघायच्या तयारीत होते, संध्याकाळपर्यंत बळ आलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग तुझं कार्ड आलं, ‘बाबा गेले. मूठमाती दिली. कळावे.’

तू मला सतरा वर्षं पत्र लिहिलं नाहीस. तुला कारणही धड माहीत नव्हतं. आता माहीत झालं. हे वाचून घेण्यासाठी तुला कुणाला तरी जवळ बसवावं लागेल, त्याचीही मला लाज वाटते. पण भिंग घेऊन तू एकटी वाचशील असं मला वाटतं, म्हणून अक्षर आणखी मोठं काढलंय.

सुगंधा


मुलुंड, १८ नोव्हेंबर १९८४

वसुताई,

सात महिने झाले. कार्ड नाही. मी समजून होते आणि गप्प राहणार होते.

पण परवा पाळक ढोक्यांनी कळवलं की तू प्रार्थनाघराच्या पायऱ्यांवरून पडलीस, मनगट दुखावलं. शेवटची पायरी दिसलीच नाही म्हणे. ताई, त्या पायऱ्या चारच आहेत आणि तू त्या जन्मभर चढलीस. तुला त्या दिसत नसतील तर आता काहीच दिसत नसणार.

आमच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा डोळ्यांचे डॉक्टर येतात. मी त्यांच्याशी बोलले. ते म्हणाले, मोतीबिंदू पिकला असेल तर उशीर करू नका, आधी एक डोळा करू, घेऊन या. मी नर्स आहे, ऑपरेशननंतरचं सगळं मी बघीन. महिनाभर राहावं लागेल.

माझ्यावर रागावलेली असलीस तर रागावलेलीच ये. इथेही रागावता येतं. पण ये.

सुगंधा


मुलुंड, ९ डिसेंबर १९८४

वसुताई,

‘कोण म्हणून येऊ?’

तीन शब्दांचं कार्ड. मी ते दवाखान्याच्या टेबलावर उपडं ठेवलं आणि दिवसभर माणसांच्या जखमा बांधत राहिले. घरी येऊन दत्तारामना दाखवलं. ते म्हणाले, ‘वाट लागली.’ मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘खोटं मी बोललो होतो, मीच सांगतो.’ मी म्हटलं, तुम्ही आईबाप नाहीत एवढं म्हणालात. बाप समोर उभा असताना त्याला मास्तर मी म्हटलं. मी सांगीन.

आज सकाळी सांगितलं. आये मोरीशी बसून बोंबील साफ करत होती. मी तिच्यासमोर पाट घेतला. सगळं सांगितलं, की माझे वडील होते, ते ल्यूथरन मंडळीचे उपदेशक होते, मी ख्रिस्ती घरात जन्मले, मला बहीण आहे, आणि त्या दिवशी संत्री घेऊन आलेले ते मास्तर माझे बाबा होते. नीला दारात उभी होती. तिला तिच्या आजोबांचं आम्ही दहावीनंतर सांगितलं होतं, पण ते घरी येऊन गेल्याचं तीही आज पहिल्यांदाच ऐकत होती.

धर्माचं ऐकून आयेचे हात थांबतील असं मला वाटलं होतं. ते चालूच राहिले. बाबांचं ऐकल्यावर थांबले.

ती म्हणाली, ‘ते तुझे बापूस?’

मी मान हलवली.

‘माझ्या दारातसून व्याही नुसतो चाय पिऊन गेलो? आणि माका आज कळता?’

मी पाट आणखी जवळ ओढला.

‘मास्तर म्हणान मी आग्रह करूक नाय. व्याही म्हणान कळला असता तर हात धरून बसयला असतंय. जेवल्याशिवाय उठाक दिला नसतंय.’ मग बोंबलाची परात माझ्याकडे सरकवून ती उठली आणि म्हणाली, ‘देवाधर्माचा मागसून बघू. ह्या आधी बघूचा होता.’

आता ती आत पडून आहे. माझ्याशी बोलत नाही. दत्तारामशीही नाही. काही हवं असलं तर नीलाला सांगते.

ताई, मला तिने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. पण आता ते खोटं असणार नाही एवढं नक्की.

सुगंधा


मुलुंड, २० डिसेंबर १९८४

वसुताई,

आये नवव्या दिवशी बोलली. सकाळी मला हाक मारून म्हणाली, कागद घे, मी सांगतंय तसा लिही, तुझी भर घालू नको. तर हे तिचं:

‘वसुधाबायक वनमालाचो नमस्कार. तुझे बापूस आमच्याकडे इल्ले तेव्हा माका म्हायत नव्हता ते कोण. त्येंका मी जेवक घालूक नाय. ती चूक माझ्या घरात झाली. तू माझ्या सुनेची थोरली भयण. भयण म्हणान ये आणि डोळो बरो होयसर रव. तुमी मासळी खातास काय नाय ता कळव.’

मी भर घातली नाही.

नाताळ तुला तिथे करायचा असणार, म्हणून दत्ताराम जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तुला घ्यायला येतील. ते पहिल्यांदा जामझरी बघतील. त्यांच्याशी नीट वाग. ते घाबरलेत.

तुझी बहीण
सुगंधा


मुलुंड, १० मार्च १९८५

वसुताई,

तू परत जाऊन आठवडा झाला आणि आये रोज विचारते, बाय पोचली काय, चष्म्याची काच सांभाळता मा. तुझा तो जाड भिंगाचा चष्मा लावून तू पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, ‘म्हातारी झालीस की गं.’ एवढी खरी दाद मला कुणी दिली नव्हती.

पहिले दोन दिवस तुम्ही दोघी एकमेकींशी इतक्या अदबीने बोलत होता की नीला स्वयंपाकघरात जाऊन हसत होती. तिसऱ्या दिवशी तू आयेला सांगितलंस, सोलकढीत मीठ जास्त झालंय. ती म्हणाली, तुमच्याकडच्या वरणात तरी काय असता. तिथून सगळं सुरळीत झालं. तू जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायचीस आणि आये तोवर हात ताटात न घालता बसून राहायची. तू डोळे उघडलेस की म्हणायची, ‘झाला? मगे जेवा.’ आता तू नाहीस तरी ती क्षणभर थांबते. विचारलं तर म्हणते, भात निवूक नको?

आणि डोळ्यावर पट्टी होती तेव्हा तू मला जे सांगितलंस ते मी अजून रोज मनात फिरवतेय. बाबा मुंबईहून परतले तेव्हा तू विचारलंस, कशी आहे ती? आणि ते म्हणाले, ‘तिच्या सासूने तिला माझ्या पाया पडायला लावलं. घर चांगलं आहे.’ मी त्यांना मास्तर म्हटल्याचं त्यांनी तुला कधीच सांगितलं नाही. म्हणूनच तुझा राग. एवढं चांगलं घर असून मी मातीला आले नाही, म्हणून.

तू सतरा वर्षं चुकीच्या कारणासाठी रागावली होतीस, असं मी म्हटलं तर तू म्हणालीस, कारण चुकीचं होतं, राग बरोबर होता. मला मान्य आहे.

पुस्तिकेचा मजकूर पुरा करून पाठवतेय. बैल बसला, ताक, सगळं दुरुस्त केलंय. खरी घंटा १९६३ साली गुरवांच्या मुलाने दिली, हे तू सांगितलंस तेव्हा मी थक्क झाले, ते पुराच्या पाठोपाठ घातलंय. पाळक ढोके पुराचं गाळायचं म्हणतील. तू तिथे आहेस, तू बघ.

बाबांनी माझं नाव काढलं त्याबद्दल मी एक ओळ लिहिली होती. मग खोडली. तू म्हणालीस, त्या कागदावर सही केली नसती तर दुसरे उपदेशक आले असते, शाळा त्यांच्याकडून गेली असती. शाळेत तेव्हा चाळीस मुलं होती. मी त्या चाळीस मुलांचं काय करू, ताई? त्यांच्यावर रागावता येत नाही. बाबांवर थोडं येतं. तेवढं राहू दे.

तुझी
सुगंधा


मुलुंड, १७ डिसेंबर १९८५

वसुताई,

आम्ही जामझरीहून सुखरूप पोचलो. आयेचे पाय सुजलेत, पण ती कबूल करत नाही. तू दिलेलं लोणचं फुटलं नाही.

तुला एक सांगायचं राहिलं. तिथे गर्दीत बोलता आलं नाही आणि तू पुढच्या बाकावर होतीस, त्यामुळे तुला दिसलंही नसणार.

आठ तारखेला पाळक ढोक्यांनी पुस्तिका वाचली तेव्हा मी तिसऱ्या बाकावर होते. पुराचं त्यांनी एक शब्द न गाळता वाचलं. तू त्यांना काय सांगितलंस ते मी विचारणार नाही. वाचताना त्यांचा आवाज एकदा खाली गेला, तर मागून कोणीतरी म्हातारा म्हणाला, ‘जोरानं वाचा, पाळक, हे लपवायचं नाही.’ मी वळून पाहिलं. दाराशी गुरवांच्या घरचे चौघेजण उभे होते. त्यांना कुणी बसायला बाक दिलं नव्हतं. मग शेवटच्या बाकावरच्या बायका सरकल्या.

तेवढ्यात दत्ताराम आणि आये आत आले. त्यांना उशीर झाला कारण आयेला नवं लुगडं नेसायचं होतं. ते पार मागे भिंतीशी बसले. आयेने आत येताना चप्पल काढून हातात धरली होती, बाहेर ठेवली तर चोरीला जाईल म्हणून.

वाचून झाल्यावर पाळकांनी जुन्या कुटुंबांची नावं घ्यायला सुरुवात केली. त्या त्या घरच्यांनी उभं राहायचं. यादीतून काढलेल्या माणसाने उठायचं की नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तुला आधी विचारायचा धीर झाला नव्हता. आधी दोन घरं झाली. मग ते म्हणाले, ‘गुणाजी पाथरवट आणि भाऊराव मास्तर यांचं कुटुंब.’

तू उठलीस. उठून मागे वळलीस आणि चष्म्यातून मला शोधलंस. मी लगेच उठले नाही हे तुला दिसलं असेल. तू मान हलवलीस, जशी वर्गात हलवायचीस, उत्तर येत असून गप्प बसलेल्या मुलाकडे बघून. मग मी उठले. नीला माझ्याबरोबरच उठली, तिने तर माझ्याआधीच पदर सावरला होता.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं मागे झालं.

मागे थोडी गडबड ऐकू आली म्हणून मी पाहिलं. आये भिंतीला हात लावून उठत होती. दत्ताराम तिचा पदर ओढून खाली बसायला सांगत होते, हे आपल्यासाठी नाही गे आये, त्यांच्या घरच्यांसाठी आहे. सगळी माणसं बघायला लागली. आयेने पदर सोडवून घेतला, चप्पल काखेत धरली आणि सरळ उभी राहिली.

ती त्यांना म्हणाली, हळू नाही, तिच्या नेहमीच्या आवाजात, ‘व्याह्याचा नाव घेतल्यानी मा? मगे उठाक नको?’

दत्ताराम क्षणभर तसेच बसले होते. मग तेही उठले.

तुझी
सुगंधा